सीएफएलखाली रोपं: खोक्यावरचा आकडा आणि पानावरचा उजेड

सीएफएलच्या, म्हणजे वळलेल्या नळीच्या बल्बच्या, खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात जे छापलेलं असतं, नेमकं तेच रोपांच्या कामाचं नसतं. ‘२३ वॉट = १०० वॉट’ याचा अर्थ एवढाच की, जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब जेवढा उजेड आपल्या डोळ्यांना देत असे, साधारण तेवढा हा २३ वॉटमध्ये देतो. हिशेब करताना २३ धरायचे, १०० विसरून जायचे. चार बल्ब लावून ‘माझ्याकडे ४०० वॉटचा सेटअप आहे’ असं सांगणाऱ्याकडे प्रत्यक्षात ९२ वॉट असतात, आणि मग मिरचीची रोपं सुतासारखी का वाढली याचं त्याला कोडं पडतं.

घरात कृत्रिम उजेडावर झाडं वाढवण्याबद्दल इंटरनेटवर जे सापडतं, त्यातलं बरंचसं परदेशातल्या गांजा लावणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय ती लागवड गुन्हा आहे, तेव्हा तो विषय इथे नाही. पण त्यांचे ठोकताळे पालेभाजीला आणि रोपांना जसेच्या तसे लावले की फसगत होते. इथे विचार आहे तो मिरची-टोमॅटोची रोपं, तुळस, लेट्यूस, मेथी आणि कोथिंबीर यांचा.

दुसरा आकडा असतो ल्युमेनचा, म्हणजे बल्बमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचा. तो वॉटपेक्षा बरा, पण तोही माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेला. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या (प्रकाशलहरीची लांबी; तीवरून रंग ठरतो) आसपासच्या हिरव्या-पिवळ्या उजेडाला सर्वाधिक दाद देतो, आणि सीएफएलच्या आतला पांढरा लेप त्याच बेताने निवडलेला असतो. नळीतल्या पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अतिनील किरण त्या लेपावर पडतात आणि निळा, ५४४ नॅनोमीटरजवळचा हिरवा आणि ६११ जवळचा नारिंगी-लाल असे मुख्य पट्टे बाहेर पडतात. पान मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण मोजतं. ‘हिरवा उजेड झाडाच्या काही कामाचा नाही’ हेही खरं नाही. संशोधक कीथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये अनेक पिकांच्या पानांवर केलेल्या मोजमापांत हिरवा प्रकाश चांगलाच वापरला जातो असं दिसलं होतं.

आता प्रत्यक्ष हिशेब. ६० बाय ३० सेंटिमीटरची एक फळी घ्या, म्हणजे ०.१८ चौरस मीटर. २३ वॉटचा नवा सीएफएल साधारण १४५० ल्युमेन देतो, चार मिळून ५८००. पांढऱ्या सीएफएलसाठी ल्युमेनला ७५ ने भागलं की सेकंदाला निघणारे प्रकाशकण मायक्रोमोल या एककात मिळतात: इथे सुमारे ७७. त्यातला निम्मा उजेड पानांवर पडला, असं धरलं तर चौरस मीटरमागे सेकंदाला २१५ मायक्रोमोलच्या आसपास होतात. १६ तास दिवे ठेवले तर दिवसाचे सुमारे १२ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). लेट्यूस आणि तुळस एवढ्यावर बऱ्यापैकी वाढतात. दोनच बल्ब लावले तर ६ मोल: मायक्रोग्रीन्स (कोवळेपणीच कापून खायची इवली रोपं) आणि लहान रोपांपुरतं ठीक. फळं धरायला मिरची-टोमॅटोला २० मोलच्या पुढे लागतात. सीएफएलवर तेवढं गाठायचं म्हणजे बल्बांची गर्दी, उकाडा आणि वीजबिल. त्यामुळे रोपं घरात करावीत आणि फळं बाल्कनीतल्या उन्हात घ्यावीत, हा शहाणपणाचा मार्ग.

‘निम्मा उजेड पानांवर’ हे गृहीत मात्र फुकट मिळत नाही. सीएफएल सगळीकडे उजेड फेकतो, आणि खाली तोंड करून लोंबता ठेवला तर त्याचा मोठा हिस्सा बाजूला जातो. बल्ब आडवा धरला की नळीची लांब बाजू रोपांकडे येते. वर आणि तिन्ही बाजूंना पांढरा मॅट रंग दिलेला प्लायवुड किंवा नुसता पांढरा पुठ्ठा लावावा. चुरगळलेली अॅल्युमिनियम फॉइल लोक हौसेने लावतात, पण पांढऱ्या रंगाने उजेड जास्त सारखा पसरतो आणि वायरजवळ धातू येत नाही. आडवा बल्ब ठेवण्यात आणखी एक फायदा आहे. बुडातल्या प्लास्टिकच्या भागात इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट, म्हणजे नळीची वीज नियंत्रित करणारं सर्किट असतं. बल्ब उलटा टांगला की नळीची सगळी ऊब वर त्याच्याकडेच जाते आणि त्यातला कपॅसिटर लवकर जातो. बंद डब्यात किंवा काचेच्या झाकणात सीएफएल लावू नये, तेही याच कारणाने. आपल्याकडच्या पिनच्या होल्डरमध्ये आडवा बल्ब स्वतःच्या वजनाने सैल होतो; बुडाला आधार द्यावा, नाहीतर स्पार्किंग होतं.

उंची हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. शेंड्यापासून ८-१० सेंटिमीटरवर बल्ब ठेवावा आणि रोपं वाढतील तसा आठवड्यातून दोनदा साखळीची एकेक कडी वर घ्यावा. पानांच्या उंचीवर हाताची मागची बाजू मिनिटभर धरून पाहावी; चटका जाणवला तर दिवा वर. मोबाइलवरचं लक्स (एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) मोजणारं अॅप बिनचूक नसतं, पण तुलनेला पुरतं. पानांच्या पातळीवर ११,००० लक्सच्या आसपास आकडा म्हणजे चौरस मीटरमागे सेकंदाला साधारण १५० मायक्रोमोल. रात्री दिवाणखान्यात दोन-तीनशे लक्स असतात, आणि तेवढ्यात आपल्याला पुस्तक आरामात वाचता येतं. डोळा या बाबतीत अजिबात भरवशाचा नाही.

मिरचीचं बी उगवायला उजेड लागत नाही, २५ ते ३० अंशांची ऊब लागते. पण मातीतून पांढरट वाकडी मान वर दिसली की त्याच दिवशी दिवा लावावा. दोन दिवस उशीर केला तर माती आणि बीजदलं (बीतून निघणारी पहिली दोन पानं) यांच्यामधला देठ लांबतो, आणि तो नंतर आखूड होत नाही. लावणीच्या वेळी असं रोप बीजदलांपर्यंत मातीत गाडून थोडंफार सावरता येतं. कमी उजेडात रोप पाणीही कमी ओढतं. वरून रोज पाणी घातलं की मातीलगत देठ काळपट, बारीक होऊन रोप कोलमडतं. ट्रेमध्ये खालून पाणी द्यावं, वरची माती सुकू द्यावी आणि छोटा पंखा हळू फिरता ठेवावा.

रंगाबद्दल फार डोकं खपवू नये. पानांसाठी आणि रोपांसाठी ६५०० केल्विनचा (खोक्यावरचा हा आकडा उजेडाची छटा सांगतो) पांढरा बल्ब घ्यावा. निळा भाग जास्त असल्यामुळे पेरं आखूड राहतात. ‘फुलासाठी २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब’ हा नियम पालेभाजीला गैरलागू. सीएफएलमध्ये दूर-लाल, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा प्रकाश जवळपास नसतो, आणि त्यामुळे रोपाला आपण दुसऱ्या झाडाच्या सावलीत आहोत असं ‘वाटत’ नाही. ते बुटकं राहण्यामागे हेही कारण आहे.

तासांचं मात्र पीकवार पाहावं. १६ तासांवर कोथिंबीर लवकर फुलावर जाते. तिला १२ तास पुरेत. शेवंतीचं उलट: तिला फुलायला लांब रात्र लागते, म्हणून कळ्या येणं पुढे ढकलायचं असेल तर शेतकरी मध्यरात्री काही तास मंद दिवे लावतात. प्लगमध्ये बसणारा खुंट्यांचा टायमर घेणार असाल तर एक अडचण: लाइट गेली की त्याचं घड्याळही थांबतं. भारनियमन असलेल्या गावात आठवड्यात वेळापत्रक काही तास सरकलेलं असतं. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा.

चार बल्बांची १६ तासांची वीज रोज जवळपास दीड युनिट, महिन्याला ४४. तेवढाच उजेड एलईडीवर साधारण निम्म्या विजेत मिळतो, तेव्हा नवीन विकत घ्यायचं असेल तर एलईडी बॅटनच घ्यावी. शिवाय मिनामाता या पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२२च्या बैठकीत ३० वॉटपर्यंतचे, बॅलास्ट आतच असलेले सीएफएल २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं. माळ्यावर पडून असलेले बल्ब वापरायला हरकत नाही. ते जुने असतील तर वरच्या हिशेबातून पाचवा हिस्सा कमी धरावा, कारण ते जळत असले तरी उजेड घटलेला असतो.

बल्ब फुटलाच तर आत काही मिलिग्रॅम पारा असतो. पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबावं. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. काचा जाड पुठ्ठ्याने गोळा कराव्यात, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत, शेवटी ओल्या कागदाने जागा पुसावी. सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ई-कचरा संकलनात द्यावं. काचा कुंडीत किंवा ट्रेमध्ये पडल्या असतील तर ती माती आणि त्यातली भाजी, दोन्ही टाकून द्यावीत.