यानाका

यानाका ही जपानच्या तोचिगी प्रांतातली एक ग्रामपालिका. १८८९ साली तीन गावे एकत्र करून ती स्थापन झाली आणि १ जुलै १९०६ रोजी सरकारी आदेशाने रद्द झाली. वस्ती सुमारे ४५० घरांची.

वातारासे नदीकाठचा हा सखल मुलूख. पुराचे पाणी शेतात शिरे, पण जाताना गाळ ठेवून जाई. त्यावर पीक चांगले येई. जोडीला मासेमारी आणि लव्हाळ्याच्या टोप्या विणण्याचा धंदा. पूर इथे वैरी नव्हता. घात केला तो वरच्या अंगाच्या आशिओ तांब्याच्या खाणीने. भट्ट्यांचा धूर आणि लाकूडतोड यांमुळे डोंगर बोडके झाले, पूर वाढले आणि गाळाबरोबर विष शेतात उतरले. खासदार तानाका शोझो यांनी संसदेत हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. अखेर खासदारकी सोडून १० डिसेंबर १९०१ रोजी ते अर्ज घेऊन सम्राटांच्या बग्गीकडे धावले. पोलिसांनी त्यांना वाटेतच धरले.

खाण चालूच राहिली. पुराचे पाणी साठवायला यानाकाची जमीन घ्यायची, असा तोडगा सरकारने काढला. १९०२ मध्ये फुटलेला बांध प्रांताने धड दुरुस्त केला नाही, आणि गावकऱ्यांनी स्वतः घातलेला बांधही पाडला. डिसेंबर १९०४ मध्ये प्रांतिक सभेने बंद दाराआड गावखरेदीचा खर्च मंजूर केला. त्याच वर्षी तानाका यानाकात राहायला आले होते. शेजारच्या फुजिओकात विलीन व्हायला ग्रामपरिषदेने साफ नकार दिला. राज्यपालांनी तरीही विलीनीकरण जाहीर केले. हा उघड अन्याय होता.

बहुतेक कुटुंबे मोबदला घेऊन उठली. त्यांतली काही १९११ मध्ये थेट उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या सारोमाला गेली. सोळा घरे मात्र हलली नाहीत. १९०७ च्या जून-जुलैत ती एकेक करून पाडली, तेव्हा त्या माणसांनी तिथेच झोपड्या घातल्या आणि जवळजवळ दहा वर्षे काढली. तानाका ४ सप्टेंबर १९१३ रोजी वारले. मागे एक झोळी राहिली. तीत रोजनिशी, बायबलचा नवा करार, देशाची राज्यघटना आणि तीन खडे.

फुजिओकाही २०१० मध्ये तोचिगी शहरात विलीन झाले. गावाच्या जागी आज सुमारे ३३ चौ. किमी. पूरनियंत्रण क्षेत्र आहे. २०१२ पासून ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथल्या यानाका तलावाचा आकार पत्त्यांतल्या बदामाचा. तलाव खणताना जुन्या गावठाणातली देवस्थाने आणि थडगी जाऊ नयेत म्हणून गावकऱ्यांचे वंशज आडवे आले. तेवढी जमीन सोडावी लागली. बदामाची खाच ती हीच.