मायक्रो करून पुढं काय? : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नाशिकच्या केटीएचएम किंवा आरवायके कॉलेजात मायक्रोबायोलॉजी घेतलेल्या मुलामुलींना घरातल्या कार्यात कुणीतरी काका गाठतातच. "म्हणजे शेवटी रक्त-लघवीच तपासायची ना? मग डीएमएलटी, तो लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, काय वाईट होता?" प्रश्न खोचक आहे, पण अगदीच अडाणी नाही. जंतूंची विद्या डॉक्टरांची की विज्ञानाच्या पदवीधरांची, हे भांडण आपल्याकडे प्लेगच्या काळापासून चालू आहे.

1896 मध्ये मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत नाशिक जिल्ह्यातही पोहोचला. भगूरचे दामोदरपंत सावरकर 1899 मध्ये प्लेगनेच गेले. मुंबईत त्यावर लस शोधणारे वाल्देमार हाफकिन वैद्यकीय पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत काही महिन्यांत लस तयार करून 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली, आणि ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब लोकांसमोर यायला वर्षं लागली. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी बाजू लावून धरल्यावर 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते डॉक्टर असते तर इतकी वर्षं लागली असती का, असं मला राहून राहून वाटतं. त्यांच्या प्रयोगशाळेतून वाढलेल्या परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते 1925 मध्ये.

पुढे वैद्यकीय महाविद्यालयांत हा विषय बराच काळ पॅथॉलॉजीच्या जोडीने शिकवला गेला. पदवीच 'पॅथॉलॉजी अँड बॅक्टेरिओलॉजी' अशी असे. त्यात प्रतिजैविकं आली. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आपल्या 'नाशिक फाट्या'पासून हाकेच्या अंतरावर. पेनिसिलिन देशात बनू लागलं, आणि इंजेक्शन दिलं की माणूस बरा होतो म्हटल्यावर जंतू ओळखत बसायची गरज कुणाला? शाखेचा भाव उतरला. एमडीच्या प्रवेशात मायक्रोबायोलॉजीच्या जागा शेवटपर्यंत उरतात, ही सवय अजून मोडलेली नाही.

खरं तर इशारा आधीच मिळाला होता. औषध कमी मात्रेत घेतलं तर जंतू सरावतील, असं पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच सांगितलं होतं. 1947 मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोग्यांवर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, तेव्हा बऱ्याच रुग्णांतले जंतू काही महिन्यांतच औषधाला दाद देईनासे झाले. तेच स्ट्रेप्टोमायसिन आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. सटाणा, देवळा, मालेगाव पट्ट्यात डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंचा रोग पडला की फवारणीला स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी निघायची. तिच्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं, आणि पुडी पिंपरीच्याच कारखान्याची. या दोन्ही औषधांचा शेतीतला वापर बंद करण्याचा मसुदा आदेश केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये काढला. बागेतल्या मातीत आणि विहिरीच्या पाण्यात काय उरलं, हा विषय नाशिकच्या विद्यार्थ्याने घ्यावा, पुण्या-मुंबईच्या कुणी येऊन नव्हे.

दवाखान्यात मात्र औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा हा प्रश्न ऐरणीवर यायला 2010 उजाडलं. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत 2008 मध्ये क्लेबसिएला नावाचा एक जंतू सापडला होता. कार्बापेनेमसारखी राखीव औषधंही निकामी करणारं एन्झाइम तो तयार करत होता. त्या एन्झाइमचं नाव ठेवलं 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज'. नावावरून संसदेपर्यंत गदारोळ झाला. त्या गोंधळात एक गोष्ट मागे पडली. 'लॅन्सेट'चा गाजलेला लेख ऑगस्टमध्ये आला. त्याआधी मार्चमध्येच मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय नियतकालिकात लिहिलं होतं, की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या 24 पैकी 22 जंतूंत हे एन्झाइम बनवणारं जनुक मिळालं. रोज कल्चर लावायचं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवायचे, सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवर झोन, म्हणजे औषधाभोवती जंतू न वाढलेली वर्तुळं, मोजायचे, वेगळं काही दिसलं तर सोडून द्यायचं नाही. असल्याच रोजच्या कामातून हे हाती आलं. औषधाची डिस्क लावून झोन मोजायची किर्बी-बाउर पद्धत 1966 ची आहे. यंत्रं आली तरी ती अजून सुटलेली नाही.

त्यानंतर सरकारी चक्रं फिरली. 2013 मध्ये आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) औषधांना जंतू कितपत दाद देत नाहीत यावर नजर ठेवणारं जाळं सुरू झालं. मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 ही निवडक औषधांची यादी लागू झाली, त्यातल्या औषधांची विक्री केमिस्टला वेगळ्या रजिस्टरात नोंदवावी लागते. 2017 मध्ये याच प्रश्नावर राष्ट्रीय कृती आराखडा आला. नाशिकपुरतं बोलायचं तर 2027 च्या सिंहस्थाची तयारी डोक्यावर आहे, आणि जत्रेत पाण्यावर पहारा ठेवणं हे जंतुशास्त्राचं सगळ्यात जुनं काम.

राहिला काकांचा प्रश्न. एमबीबीएसनंतर तीन वर्षांची एमडी केलेल्याला रिपोर्टवर सही करण्यापासून वॉर्डातल्या डॉक्टरशी औषधावर वाद घालण्यापर्यंत सगळं करता येतं. एम.एस्सी. वाल्यांचं गाडं मात्र नियमांबरोबर हलत राहिलं. पूर्वी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मायक्रोबायोलॉजी विभागात 30 टक्क्यांपर्यंत शिक्षक बिगर-वैद्यकीय चालत. 2020 च्या नियमांनी मायक्रोबायोलॉजीत ती वाट बंद केली. जुलै 2025 मध्ये नव्या नियमांनी एम.एस्सी.-पीएच.डी. धारकांसाठी ती पुन्हा उघडली. मधल्या पाच वर्षांत पीएच.डी. करून बसलेल्यांनी काय करायचं होतं, याचं उत्तर कुणी दिलं नाही.

एक मेख लक्षात ठेवावी. वैद्यकीय विद्याशाखेची तीन वर्षांची मेडिकल मायक्रोबायोलॉजीची एम.एस्सी. वेगळी आणि विज्ञान महाविद्यालयातली दोन वर्षांची वेगळी. मेडिकल कॉलेजच्या जाहिरातीत सहसा पहिली मागतात. संशोधन प्रकल्पांत आणि औषध कंपन्यांत दुसरीही चालते. प्रवेशअर्ज भरण्याआधी हा फरक मुलांना सांगायला हवा, पण तो बहुतेकांना कळतो पहिल्या मुलाखतीत.