वायरलेस कीबोर्ड: कनेक्शन गेलंय की बटण गेलंय?

पाऊस सुरू झाला की गोव्यात वायरलेस कीबोर्डच्या तक्रारी वाढतात आणि दर वर्षी तोच घोळ होतो. 'ई' आणि 'डी' ही दोनच बटणं चालत नसतात. माणूस म्हापशाच्या बाजारातून नवे सेल आणतो, डोंगल (कीबोर्डचा सिग्नल पकडणारा, यूएसबी पोर्टात बसणारा छोटा तुकडा) काढून परत लावतो, ब्लूटूथचं पेअरिंग मोडून नव्याने करतो. दुसऱ्याच्या घरी अधूनमधून अक्षरं गळणारा, पण आतून धडधाकट कीबोर्ड 'बटणं गेली' म्हणून भंगारात जातो. दोन्हीकडे पडद्यावर अक्षर उमटत नाही, एवढंच साम्य. कारण वेगळं, उपायही वेगळा.

कनेक्शनची बाजू बहुतेकांना पाठ असते. सेल उतरलेले, स्विच बंद, डोंगल सीपीयूच्या पाठीमागे लोखंडी टेबलाखाली. एकच गोष्ट लोक विसरतात. हे डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, आणि यूएसबी ३.० चा पोर्ट, वायर किंवा हार्ड डिस्क चालू असताना त्याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. त्यामुळे यूएसबी ३.० च्या, बहुधा निळ्या, पोर्टात हार्ड डिस्क आणि तिला खेटून डोंगल ही मांडणी मोडा. यूएसबीची एक साधी एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर, कीबोर्डसमोर आणून ठेवा. नवा कीबोर्ड घेण्याआधी हे केलंच पाहिजे.

आता खरी मेख. रेडिओला अक्षरं निवडता येत नाहीत. तुम्ही बटण दाबता तेव्हा कोणतं बटण दाबलं गेलं हे कीबोर्डच्या आतली चिप आधी ओळखते आणि मग त्याचा आकडा हवेतून पाठवते. 'ई' चा आकडा असो की 'के' चा, वाट तीच, वेळ तेवढाच, सेलची ताकदही तीच. वाटेत निरोप हरवायचे तर कुठलेही हरवतील: आता 'के', मग स्पेस, मग एंटर. कायम 'ई'च हरवतोय आणि बाकी सगळं सुरळीत पोचतंय, असं हवेत घडत नाही. ठरावीक बटणं ठरावीकपणे मेलेली असतील तर सेल, डोंगल, पेअरिंग या तिघांना हात लावण्यात अर्थ नाही.

हे तपासायला दुकान लागत नाही. नोटपॅड उघडा, कीबोर्ड डोंगलपासून हातभर अंतरावर आणा आणि प्रत्येक बटण सावकाश दहा वेळा दाबा. मग तेच नेहमीच्या जागी बसून करा. लांबून अक्षरं गळतात, जवळून गळत नाहीत आणि दर वेळी वेगळी गळतात, तर दोष कनेक्शनचा. जवळून-लांबून तेच बटण रुसलेलं असेल तर दोष बटणाचा. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा आणि माउसने तेच अक्षर काढा. ते उमटलं, म्हणजे कॉम्प्युटरचा काही दोष नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते उलटं लक्षण: अक्षर न उमटणं नव्हे, 'ससससस' अशी रांग लागणं. हे पाहून जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, बटण अडकलंय, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बटण उपटतो. थांबा. 'बटण दाबलं' आणि 'बटण सोडलं' हे दोन वेगळे निरोप असतात. दुसरा वाटेत हरवला किंवा उशिरा पोचला तर कॉम्प्युटर समजतो की बोट अजून तिथेच आहे, आणि तेच अक्षर छापत सुटतो. ही रांग कधी 'स' ची, कधी स्पेसची लागत असेल तर बटणाचा काही संबंध नाही. सेल बदला, डोंगल जवळ घ्या. नेहमी एकाच अक्षराची लागत असेल, किंवा एकदा दाबल्यावर तेच अक्षर दोनदा उमटत असेल, तेव्हाच बटणाकडे वळा.

बटणं मरतात तेव्हा आत काय होतं, हे कोलव्याहून आलेल्या एका कीबोर्डात स्वच्छ दिसलं. स्वस्त कीबोर्डात बटणांखाली प्लॅस्टिकचे पातळ पारदर्शक कागद असतात आणि त्यांवर चांदीच्या शाईच्या रेघा छापलेल्या असतात. तळहात टेकतो त्या बाजूने ओल आत शिरली होती आणि एक रेघ नखाएवढ्या जागेत काळी पडून तुटली होती. बटणं आडव्या-उभ्या रेघांच्या जाळ्यावर बसवलेली असतात, म्हणून एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. कधी ती शेजारची असतात, कधी एकमेकांपासून दूरची. तीन-चार बटणं एकाच दिवशी गेली, तर रेघ तुटली असं खुशाल समजा. समुद्राकाठच्या घरात खारी ओल जून ते सप्टेंबर हेच काम करत असते.

अशा वेळी कीबोर्ड तांदळाच्या डब्यात पुरणं आणि त्यावर हेअर ड्रायर मारणं या दोन्ही सवयी मला अजिबात पटत नाहीत. तांदळाने तुटलेली रेघ जुळत नाही, उलट पीठ आत जातं. गरम हवेने ते पातळ प्लॅस्टिक वाकतं. एखादंच बटण चिकट झालं असेल, चहा सांडला असेल, तर सेल काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रेघ गेली असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

किरकोळ दोन गोष्टी. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं तर विंडोज फिल्टर कीज चालू करायला बघतं. ते चालू झालं की झटपट दाबलेली बटणं दुर्लक्षिली जातात आणि सगळा कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. सेटिंग्जमध्ये बंद करा. आणि मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट लेआउट चालू राहिला असेल तर 'डी' ला हलन्त येतो, अक्षर येत नाही. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदला.

नवा कीबोर्ड घेताना जुन्याचा डोंगल 'चालेल' म्हणून ठेवून नव्याचा टाकू नका. स्वस्त जोड्या कारखान्यातच एकमेकांशी बांधलेल्या असतात, दुसऱ्याचा डोंगल त्यांना ओळखत नाही.