वर न चढलेला हादरा

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ महत्तेचा भूकंप झाला. सिल्मारचं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय त्यात पडलं नाही. पडणारच नव्हतं, १९७१ च्या भूकंपात जुनी इमारत गेल्यावर नवी चांगली दणकट बांधली होती. पण जमिनीवर गुरुत्वत्वरणाच्या ०.९१ पट असलेला हादरा छतावर २.३१ पट झाला. पाण्याचे पाइप फुटले, रुग्णांना बाहेर हलवावं लागलं. इमारत शाबूत, दवाखाना बंद.

लॉस एंजेलिसमधल्याच यूएससी विद्यापीठ रुग्णालयात मात्र काम सुरू राहिलं. ते केंद्रापासून बरंच लांब होतं, तेव्हा दोन्हींचे आकडे शेजारी मांडून निकाल देणं बरोबर नाही. पण इथे हादरा वर चढताना वाढला नाही, घटला: पायाशी ०.३७, छतावर ०.२१.

ही इमारत रबराच्या १४९ बेअरिंगांवर उभी होती. यालाच बेस आयसोलेशन म्हणतात. बेअरिंगमध्ये रबर आणि पोलादी पत्रे यांचे एकाआड एक थर असतात. पत्त्यांचा कॅट वरून दाबला तर दबत नाही, बाजूने ढकलला की तिरका होतो, तसंच हे. बहुतेक भूकंपांचा मारा सेकंदाहून कमी अवधीच्या झटक्यांत असतो. बेअरिंगांवरची इमारत दोनेक सेकंदांचा संथ झोका घेते, त्या तालात सापडत नाही.

पण नुसतं रबर झोके घेतच राहील. न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात त्याच्या मधोमध शिशाचा दांडा घातला. शिसं वाकताना हादऱ्याची ऊर्जा खातं, तिची उष्णता होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते; शिशाचे स्फटिक साध्या तापमानालाच पुन्हा घडतात, म्हणून तोच दांडा पुढच्या धक्क्यालाही चालतो. मला तरी यातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

भुजचं रुग्णालय २६ जानेवारी २००१ ला माणसांसकट कोसळलं. त्यानंतर नवं उभारलं ते न्यूझीलंडच्या याच तंत्रावर.

सगळीकडे मात्र ते चालत नाही. मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर जमीनच दोन सेकंदांच्या तालात डोलते. तिथे ते अंगाशी यायचं. शिवाय इमारतीला सरकायला चहूबाजूंनी रिकामा चर लागतो. आपल्याकडे रिकामी जागा दिसली की कुणीतरी तिथे पेव्हर ब्लॉक बसवतं, नाहीतर जनरेटर ठेवतं. मग इमारत सरकते, आणि पहिल्याच झोक्यात त्यावर आदळते.