नव्या फुटबॉल मोसमाआधी: जर्सी, बूट आणि क्लबाचा पैसा

पावसात सराव सुरू झाला की म्हापशातल्या आमच्या दुकानात क्लबांचे मॅनेजर यायला लागतात. कोणी गोवा प्रोफेशनल लीग या राज्यातल्या सगळ्यात वरच्या लीगमधला असतो, कोणी तिच्याखालच्या फर्स्ट किंवा सेकंड डिव्हिजनमधला. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एखाद्या युरोपियन क्लबाच्या जर्सीचा फोटो असतो आणि पहिला प्रश्न डिझाइनचा असतो. आमची विनंती अशी, की डिझाइन सगळ्यात शेवटी ठरवा. खालच्या डिव्हिजनमध्ये क्लबाकडे पैसा मोजका असतो. गावातले दुकानदार, बोटीवर नोकरीला असलेली मुले, जुने खेळाडू यांनी दिलेल्या वर्गणीतून तो उभा राहतो. तो कोणत्या क्रमाने खर्च करावा हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

या लीगना आम्ही दुय्यम मानत नाही. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सहा मोसम आय-लीगचे, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचे, विजेतेपद गोव्याच्या क्लबांकडेच राहिले: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. पुढे २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यानंतर धेंपो २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये उतरला, तो खालच्या पायऱ्या एकेक चढून. त्या पायऱ्यांवर खेळणाऱ्या प्रत्येक क्लबाला नीट पोशाख मिळाला पाहिजे, असे आम्हांला मनापासून वाटते.

आधी दुसऱ्या रंगाचा संच

दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि रेफ्रींच्या पोशाखापासून वेगळे दिसले पाहिजेत, हा खेळाचा नियमच आहे. निळा आणि जांभळा, लाल आणि भगवा, हे रंग दुकानातल्या दिव्याखाली वेगळे वाटतात. पावसाळी संध्याकाळी मैदानावर वाटत नाहीत. म्हणून एक गडद आणि एक फिका असे दोन संच घ्या. पैसे कमी असतील तर दोन्ही संच साधे घ्या, पण दोन घ्या. एकच महागडा संच घेतलेल्या क्लबाला सामन्याच्या दिवशी समोरच्यांकडून सराव-बिब (जर्सीवर घालायची बिनबाह्यांची रंगीत बंडी) मागून घ्यावे लागतात, आणि ते खेळाडूंच्या मनाला फार लागते.

गोलकीपरचा रंग सगळ्यांहून वेगळा लागतो. दोन्ही गोलकीपरांच्या जर्सी सारख्याच निघाल्या आणि कोणाकडेच दुसरी नसली, तर रेफ्री खेळ चालू देतो. बाकी खेळाडूंच्या बाबतीत अशी सवलत धरून चालू नका. जर्सीच्या आत घालायचा बनियन बाहीच्या मुख्य रंगाचा आणि स्टॉकिंगवर बाहेरून लावायची टेप स्टॉकिंगच्याच रंगाची हवी. कॅप्टनचा आर्मबँड विसरू नका.

एक-दोन जादा जर्सी संचात ठेवाच. खेळाडूला जखम झाली आणि कपड्यांना रक्त लागले, तर रक्त थांबल्याशिवाय आणि कपडे स्वच्छ असल्याशिवाय त्याला मैदानात परत येता येत नाही. जर्सी नसल्यामुळे चांगला डिफेंडर बाहेर बसून राहिला, असे होऊ नये.

छपाईबद्दल

आम्ही दोन प्रकारे छापतो. सब्लिमेशनमध्ये उष्णतेने रंगाची वाफ होऊन ती कापडाच्या धाग्यात उतरते. त्यामुळे ती छपाई सोलत नाही, तिला भेगा पडत नाहीत. मात्र ती पॉलिस्टरवरच आणि पांढऱ्या किंवा फिक्या कापडावरच होते. सुती किंवा काळ्या जर्सीवर करून मागू नका. दुसरा प्रकार हीट प्रेसचा. त्यात आकडा पातळ फिल्ममधून कापून वर चिकटवतात. हा कोणत्याही रंगावर बसतो, पण गरम पाण्यात आणि इस्त्रीखाली सुटतो.

खेळाडूंची नावे छापू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. खालच्या डिव्हिजनमध्ये दर मोसमाला निम्मा संघ बदलतो आणि नाव छापलेली जर्सी पुढच्या वर्षी पडून राहते. फक्त आकडे छापले तर तोच संच पुढचा मोसमही चालेल, आणि वाचलेल्या पैशांत सगळ्या संघाचे शिनगार्ड (नडगीवर बांधायचे संरक्षक) येतील. शिनगार्ड सक्तीचे आहेत. मापाला बसणारे घ्या. स्टॉकिंगमध्ये सरकवलेला पुठ्ठा पायाचे रक्षण करत नाही.

पांढऱ्या शॉर्टचा मोह टाळा. आपल्या तांबड्या मातीचा डाग पांढऱ्यावरून पूर्ण जात नाही. चिखल आधी वाळू द्या, ब्रशने झाडा, मग जर्सी उलटी करून थंड पाण्यात धुवा. सामना संपल्यावर ओले कपडे पिशवीत बांधून रात्रभर ठेवले, तर या हवेत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते आम्हांलाही काढता येत नाहीत.

बूट

धुळेर स्टेडियमवर कृत्रिम गवत आहे, फातोर्डा आणि वास्कोच्या टिळक मैदानावर खरे. एकच बूट सगळीकडे चालत नाही. कृत्रिम गवतासाठी संख्येने जास्त पण आखूड स्टड (सोलखालची टोके) असलेला सोल घ्या. लांब स्टड तिथे रुततात, पाय वळतो आणि भार गुडघ्यावर येतो. खऱ्या ओल्या गवतावर लांब, बदलता येणारे स्टड कामाचे. भातकापणी झाल्यावर शेतात खेळायचे असेल, तर जमीन टणक असते. तिथे बारीक रबरी टोकांचे टर्फ शूजच बरे.

नवा बूट पहिल्या सामन्याच्या दोन-तीन आठवडे आधी घ्या आणि सरावात घालून मऊ करा. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून वाऱ्यावर ठेवा. सोल सुटू लागला की लगेच घेऊन या. आमच्याकडे चिकटवून वर शिलाई मारून मिळते, आणि चांगला बूट त्यावर आणखी एक मोसम निघतो.

चेंडू घेताना चित्र पाहू नका, वजन पाहा. पाच नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम हवे. दुकानात काटा आहे, स्वतः तोलून घ्या.

ऑर्डर देताना

पूर्ण संचाला दोन आठवडे लागतात. चवथीला (गणेश चतुर्थीला) आमचे शिलाई कारागीर घरी जातात आणि तो आठवडा मशीन बंद असते, तेव्हा वेळापत्रक लागायची वाट पाहू नका. येताना खेळाडूंची मापे, आकड्यांची यादी आणि क्लबाचे चिन्ह मूळ फाइलमध्ये आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला फोटो छपाईत फुटतो. आकड्यांची यादी एकाच माणसाने तपासून सही करून द्यावी. दुपारी १ ते ३.३० दुकान बंद असते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराची गर्दी असते, त्या दिवशी संघाला मापासाठी आणू नका. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी या, निवांत मापे घेता येतील.