‘पोस्ट’: एका उच्चारात राहणारे तीन शब्द

‘पोस्टात जाऊन येतो’ आणि ‘तुझी पोस्ट वाचली’ ही दोन्ही वाक्ये मराठीत रोज बोलली जातात. पहिल्या वाक्यातला शब्द नपुंसकलिंगी आहे आणि त्याचे सामान्यरूप होते, म्हणून आपण ‘पोस्टात’, ‘पोस्टाचे तिकीट’ असे म्हणतो. दुसऱ्या वाक्यातला शब्द स्त्रीलिंगी आहे आणि त्याला प्रत्यय जसेच्या तसे लागतात, म्हणून ‘पोस्टमध्ये’, ‘पोस्टवर’ असे म्हटले जाते. ‘मोठी पोस्ट मिळाली’ यातली नोकरीची पोस्टही स्त्रीलिंगीच आहे, आणि ‘पोस्टमॉर्टम’मधला पोस्ट तर स्वतंत्र नामही नाही. हे फरक कोणी शिकवलेले नाहीत. बोलणाऱ्यांनी ते आपल्या कानाने केले. मात्र मराठीने केलेली ही वाटणी आणि या शब्दाचा मूळ इतिहास एकमेकांशी जुळत नाहीत. इतिहासाच्या हिशेबात टपालाचे पोस्ट आणि नोकरीची पोस्ट ही सख्खी भावंडे आहेत, तर लिहिलेली पोस्ट वेगळ्याच घरातून आलेली आहे.

एकाच शब्दाचे अर्थ वाढत जाणे वेगळे आणि मुळात वेगळे असलेले शब्द झिजत झिजत एकसारखे होणे वेगळे. मराठीतला ‘वर’ हा शब्द घ्या. देवाने दिलेला वर आणि लग्नातला वर हे दोन्ही ‘वृ’, म्हणजे निवडणे, या धातूपासून आले. पण ‘झाडावर’ यातला ‘वर’ संस्कृत ‘उपरि’पासून आला आणि त्याचा पहिल्या दोघांशी काही संबंध नाही. ‘पोस्ट’ची गत अगदी तशीच आहे. म्हणूनच चांगल्या इंग्रजी शब्दकोशांत ‘पोस्ट’ ही एक नोंद नसते. क्रमांक घातलेल्या अनेक स्वतंत्र नोंदी असतात. त्या सगळ्या मागे नेत गेल्यास तीन लॅटिन मुळांपाशी पोहोचतात: ‘पोस्टिस’ म्हणजे दाराच्या चौकटीचा खांब, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे, आणि ‘पोस्ट’ म्हणजे नंतर.

यांपैकी सर्वांत लांबचा प्रवास ‘पोनेरे’ या क्रियापदाने केला. ‘ठेवलेला’ या अर्थी त्याचे रूप ‘पोझिटुस’ असे होते, आणि त्याच्या वंशात पोझिशन, डिपॉझिट, डेपो आणि कंपोस्ट हे शब्द येतात. कंपोस्ट म्हणजे मुळात एकत्र ठेवलेले. याच रूपापासून इटालियन भाषेत दोन शब्द तयार झाले. पुल्लिंगी ‘पोस्तो’ म्हणजे जागा आणि स्त्रीलिंगी ‘पोस्ता’ म्हणजे ठाणे. फ्रेंचमध्ये गेल्यावर दोघांचाही उच्चार एकच झाला, पण लिंगभेद टिकला आणि तो आजही अर्थ सांभाळतो: पुल्लिंगी ‘ल पोस्त’ म्हणजे पद किंवा चौकी, स्त्रीलिंगी ‘ला पोस्त’ म्हणजे टपाल. इंग्रजीत हे शब्द सोळाव्या शतकाच्या आसपास पोहोचले तेव्हा त्या भाषेने नामांची व्याकरणिक लिंगे केव्हाच टाकून दिलेली होती. त्यामुळे तिथे त्यांना वेगळे ठेवणारी ती शेवटची खूणही गळून पडली. मराठीने पदाला स्त्रीलिंग आणि टपालाला नपुंसकलिंग देऊन ती वाटणी नकळत पुन्हा उभी केली, ही मला फार विलक्षण गोष्ट वाटते.

ठाण्याचे टपाल कसे झाले, हे समजण्यासाठी घोड्याकडे पाहावे लागते. घोडा वेगाने धावतो, पण थोडाच वेळ. दूरचा निरोप लवकर पोहोचवायचा तर वाटेवर ठरावीक अंतराने ताजे घोडे आणि ताजे स्वार उभे ठेवावे लागतात. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इराणच्या सम्राटांच्या अशा निरोप्यांचे वर्णन केले आहे, आणि रोमन साम्राज्यात ऑगस्टसच्या काळापासून सरकारी दळणवळणाची अशी व्यवस्था होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात ती नव्या जोमाने उभी राहिली. मूळच्या उत्तर इटलीतल्या टासिस घराण्याने १४९० साली, पुढे पवित्र रोमन सम्राट झालेल्या मॅक्सिमिलियनसाठी इन्सब्रुकपासून नेदरलँड्सपर्यंतचा मार्ग चालू केला. पुढे १५०५ च्या करारात फ्रान्सिस्को डी टासिस याने ब्रसेल्सहून इन्सब्रुकला पत्र उन्हाळ्यात साडेपाच दिवसांत आणि हिवाळ्यात साडेसहा दिवसांत पोहोचवण्याची हमी दिली. धंदा चालवणारे इटालियन असल्यामुळे शब्दही इटालियनच पसरला. घोडे ‘ठेवलेले’ असत, म्हणून ते ठाणे ‘पोस्ता’. आपल्याकडच्या ‘डाक’ या शब्दातही माणसांची आणि घोड्यांची अशी टप्प्याटप्प्यांची योजना हाच मूळ अर्थ होता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे अर्थ एकेक पाऊल सरकत गेला. ठाण्याला पोस्ट म्हणत होते, तसे ठाण्यावरच्या स्वारालाही म्हणू लागले. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत सर ब्रायन ट्यूक हा ‘मास्टर ऑफ द पोस्ट्स’ होता, म्हणजे या ठाण्यांचा आणि स्वारांचा मुख्य. त्या शतकातली सरकारी पत्रे आज पाहायला मिळतात. पाकिटे तेव्हा तिथे प्रचारात नव्हती. कागदाचीच घडी घालून त्यावर मेण लावत आणि बाहेरच्या बाजूला पत्ता लिहीत. त्या पत्त्याजवळ कित्येकदा ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ असे शब्द आढळतात, कधी एकदा, कधी दोनतीनदा, आणि फारच निकड असेल तर पुढे ‘जिवाची पर्वा असेल तर’ अशा अर्थाची पुस्तीही जोडलेली असते. काही पत्रांवर त्याच्या शेजारी फासाच्या खांबाचे छोटे रेखाचित्रही काढलेले आहे. खाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, वेगवेगळ्या शाईंत, कोणत्या ठाण्यावर पत्र किती वाजता आले याच्या नोंदी आहेत, म्हणजे दिरंगाई कुठे झाली ते नंतर शोधता यावे. या ओळीतला ‘पोस्ट’ म्हणजे पत्र नव्हे, कचेरीही नव्हे. तो समोर उभा असलेला, घाईने खोगीर कसणारा माणूस आहे आणि त्यालाच ‘स्वारा, त्वरा कर’ असे बजावले जात आहे. इंग्रजीत ‘तातडीने’ या अर्थी ‘पोस्टहेस्ट’ हा शब्द अजूनही आहे. त्यातून स्वल्पविराम गेले आणि स्वारही गेला.

१६३५ मध्ये पहिल्या चार्ल्सने राजाची ही व्यवस्था सामान्य प्रजेलाही खुली केली आणि १६६० मध्ये जनरल पोस्ट ऑफिस कायद्याने स्थापन झाले. तोवर शब्द स्वारावरून व्यवस्थेवर, व्यवस्थेवरून कचेरीवर आणि कचेरीवरून पत्रांवर येऊन ठेपला होता. ताज्या बातम्या टपालानेच येत, म्हणून वृत्तपत्रांनीही हे नाव घेतले: लंडनचे ‘मॉर्निंग पोस्ट’ १७७२ चे, न्यूयॉर्कचे ‘ईव्हनिंग पोस्ट’ १८०१ चे. ‘मेल’ हा शब्द मात्र वेगळाच आहे. त्याचा मूळ अर्थ पिशवी असा होता आणि पत्रांच्या पिशवीवरून तो पत्रांपर्यंत आला. याचा परिणाम असा, की ब्रिटनमध्ये ‘रॉयल मेल’ ‘पोस्ट’ पोहोचवते आणि अमेरिकेत ‘पोस्टल सर्व्हिस’ ‘मेल’ पोहोचवते.

हिशेबनीसांच्या ‘पोस्टिंग’चाही उल्लेख करायला हवा. रोजकीर्दीतली नोंद खातेवहीत चढवणे, म्हणजेच आपली खतावणी, या अर्थी हे क्रियापद सतराव्या शतकापासून आढळते. नोंद एका वहीतून दुसरीकडे पोहोचवली जाते, ही त्यामागची कल्पना. खतावणी झालेले खाते अद्ययावत असते, आणि ‘मला पोस्टेड ठेवा’ हा प्रयोग त्याच वह्यांमधून आला असे मानले जाते. पत्रे पाठवत राहा, असा त्याचा अर्थ लावण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा.

‘पोस्तो’ या पुल्लिंगी भावाची कहाणी थोडक्यात सांगता येते. सैनिकाला जिथे उभे केले ती त्याची पोस्ट. मग ठाणे, चौकी, नेमणूक आणि शेवटी कोणतीही नोकरी. ‘लास्ट पोस्ट’ ही बिगुलाची धून आज सैनिकांच्या अंत्यविधीत वाजते आणि बेल्जियममधल्या इप्र शहरात मेनिन गेट या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकापाशी ती १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता वाजवली जात आली आहे. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात होते, तेवढाच खंड. तिच्या नावातला पोस्ट ‘नंतर’ या अर्थाचा आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात छावणीभोवतीच्या पहाऱ्याच्या चौक्या तपासत जाणारा अधिकारी शेवटच्या चौकीपाशी पोहोचला आणि दिवसाचे काम संपले, एवढेच ती धून सांगत असे.

‘नंतर’ या अर्थाचा पोस्ट हा तिसरा शब्द. मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही, कारण लॅटिन ‘पोस्ट’ आणि संस्कृत ‘पश्चात्’ हे एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यावर पाठीमागे येणारी ती पश्चिम दिशा, हेही त्याच कुळातले. पोस्टमॉर्टम म्हणजे मृत्यूनंतर, पी. एम. म्हणजे मध्यान्हीनंतर, पत्राच्या शेवटी येणारा पी. एस. म्हणजे लिहून झाल्यानंतरचे, आपला ‘ता. क.’ तेच काम करतो. ‘मरणोत्तर’ या अर्थाच्या ‘पॉस्थ्यूमस’ या शब्दाचे स्पेलिंग तर एका चुकीच्या समजुतीचे स्मारक आहे. मूळ लॅटिन ‘पोस्टुमुस’ म्हणजे सर्वांत शेवटचा, विशेषतः वडिलांच्या मागे जन्मलेला मुलगा. त्यात मातीला लॅटिनमध्ये जो ‘हुमुस’ शब्द आहे तो दडलेला असावा, असे लोकांनी मानले, पुरण्याशी नाते जोडले आणि मधे एक एच घुसवला. तो एच उच्चारला जात नाही, पण लिहिला मात्र जातो. ‘पोस्टपोन’ या शब्दात तिघांपैकी दोघे प्रत्यक्ष भेटतात: ‘पोस्ट’ अधिक ‘पोनेरे’, म्हणजे नंतर ठेवणे.

उरला खांब. लॅटिन ‘पोस्टिस’ जुन्या इंग्रजीतच येऊन स्थिरावला होता, म्हणजे टपालाच्या पोस्टच्या कितीतरी शतके आधी. गोलपोस्ट आणि लॅम्पपोस्ट यांच्यात तो जसाच्या तसा दिसतो. सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो त्या पद्धतीला ‘फर्स्ट पास्ट द पोस्ट’ म्हणतात, ते घोड्यांच्या शर्यतीतल्या शेवटच्या खांबावरून. निवडणुकीत ओलांडायचा असा ठरलेला खांब नसतो, तरी नाव रूढ झाले.

पण या लाकडाचे खरे भाग्य उजळले ते सूचनांमुळे. छापखाने आल्यावर फर्माने, जाहिराती, हरवल्या-सापडल्याच्या सूचना रस्त्याकडेच्या खांबांवर ठोकल्या जाऊ लागल्या आणि सतराव्या शतकात ‘पोस्ट करणे’ म्हणजे खांबावर लावणे असे क्रियापद रूढ झाले. पुढे खांबाची जागा भिंतीने आणि फलकाने घेतली, तरी क्रियापद टिकले, आणि लावलेल्या कागदाला एकोणिसाव्या शतकात ‘पोस्टर’ हे नाव मिळाले. १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोमध्ये वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी फोनच्या तारेवरून जोडता येणारा संगणकी सूचनाफलक चालू केला, तेव्हा त्यांच्यापुढे नमुना टपालपेटीचा नव्हता, भिंतीवर लावलेल्या फलकाचा होता. वेबची भाषा असलेल्या एचटीटीपीमध्ये माहिती पाठवण्याच्या एका पद्धतीचे नावच ‘पोस्ट’ आहे, आणि १९९६ च्या तिच्या लेखी नियमावलीत या पद्धतीच्या उपयोगांमध्ये सूचनाफलकावर संदेश लावणे हा उपयोग स्पष्ट नोंदवलेला आहे. पत्र एकाला उद्देशून असते आणि बंद असते. खांबावरचा कागद येणाराजाणारा प्रत्येक जण वाचतो. आजची पोस्ट या दुसऱ्या प्रकारातली आहे.

मराठीने तिला क्रियापद दिले ते मात्र पहिल्या प्रकारातले. पाटी लावतात, पोस्टर लावतात, आणि पोस्ट? ती आपण ‘टाकतो’, जसे एकेकाळी पत्र पोस्टात टाकत होतो.