सांबाचा दुसरा ठोका

ब्राझीलचा सांबा नाच शिकायला आलेल्या माणसाची पावलं पहिल्या दिवशी हमखास एकाच जागी अडखळतात. दोन मात्रांचा ठेका आहे, तेव्हा जोर पहिल्या मात्रेवर असणार, असं कान गृहीत धरतो. सांबात तो दुसऱ्या मात्रेवर असतो. सगळ्यांत खर्जातला मोठा ढोल, सुर्दो, तिथे पडतो. गंमत म्हणजे या ढोलाचं नाव ‘पहिला सुर्दो’. किंचित चढ्या आवाजाचा ‘दुसरा सुर्दो’ पहिल्या मात्रेवर वाजतो आणि दोघांची सवाल-जवाबासारखी देवाणघेवाण चालू राहते. हा ठोका सांबात कुठून आला हे कळलं की पाय लवकर वळतात, असं मला मनापासून वाटतं.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. अमेरिकेच्या दोन्ही खंडांत हा देश सर्वांत शेवटचा. तोवर आफ्रिकेतून सुमारे ४८ लाख माणसं इथल्या किनाऱ्यांवर उतरवली गेली होती. त्यांतले पुष्कळ जण अंगोला आणि काँगोच्या प्रदेशातले. ‘सांबा’ हा शब्द तिकडच्या ‘सेंबा’वरून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सेंबा म्हणजे नाचताना बेंबीला बेंबी भिडवणं. ईशान्येकडच्या बाईया प्रांतात हा नाच अजून जुन्या रूपात दिसतो. लोक गोल करून उभे राहतात, टाळ्या धरतात, कुणी चिनी मातीच्या ताटलीवर सुरी घासून लय देतो. एक बाई रिंगणात येते, नाचते, आणि पोटाला पोट भिडवून पुढचीला आत बोलावते. या रिंगणातल्या सांबाला युनेस्कोने २००५ साली मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं.

बाईयातली अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कामाच्या शोधात रिओ द जानेरोला आली आणि बंदराजवळ स्थिरावली. तो भाग पुढे ‘छोटी आफ्रिका’ म्हणून ओळखला गेला. याच भागातल्या वालोंगो धक्क्यावर एकेकाळी सुमारे ९ लाख गुलाम उतरवले गेले होते. या वस्तीच्या आधारस्तंभ होत्या त्या बायका. त्यांना सगळे ‘तिया’ म्हणत, म्हणजे मावशी किंवा आत्या. सर्वांत नावाजलेल्या तिया सियाता (१८५४–१९२४). पांढरे घोळदार झगे घालून त्या रस्त्यावर गोडधोड विकत आणि कांदोम्ब्ले या आफ्रिकी धर्मपरंपरेत त्यांना मान होता. प्रासा ओन्झे चौकाजवळच्या त्यांच्या घराबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: पुढच्या खोलीत पाहुण्यांसाठी सभ्य मानलेलं संगीत, मागच्या खोलीत सांबा आणि अंगणात देवादिकांचे ढोल. पोलीस दारात आले तर त्यांना पुढची खोली दिसायची.

पोलिसांची भीती खरीच होती. हातात खंजिरीसारखं पांदेरो दिसलं तरी माणसाला भटक्या ठरवून पकडता येत असे. जोआंव दा बायाना या वादकाचं पांदेरो पोलिसांनी जप्त केलं. मग तो एका बड्या सिनेटरच्या घरच्या समारंभाला गेलाच नाही. सिनेटर पिन्येरो माशादो यांनी चौकशी केली आणि आपल्या नावाची अक्षरं कोरलेलं नवं पांदेरो त्याला करून दिलं. त्यानंतर त्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. ही १९०८ सालची हकीकत. एका वाद्याला सिनेटरच्या सहीचं संरक्षण लागावं, यातच त्या काळाचं सगळं चित्र येतं.

१९१६च्या नोव्हेंबरात दोंगा या वादकाने ‘पेलू तेलेफोनी’ (‘टेलिफोनवरून’) हे गाणं राष्ट्रीय ग्रंथालयात स्वतःच्या नावाने नोंदवलं. १९१७च्या कार्निव्हालमध्ये ते गाजलं आणि ‘पहिला सांबा’ म्हणून पुस्तकांत गेलं. तियांच्या घरी अनेकांनी मिळून रचलेलं गाणं एकट्याने घेतलं, अशी ओरडही लगेच झाली. मला ती ओरड रास्त वाटते. ज्या संगीताचा जन्मच रिंगणात झाला, त्याला एकच बाप शोधणं अवघड आहे.

पण आजच्या नवशिक्याचे पाय ज्या ठेक्यावर अडखळतात, तो या गाण्यात नाही. तो आला दहा-बारा वर्षांनी, शहराच्या एस्तासियो या वस्तीत. त्यासाठी आधी कार्निव्हाल समजून घ्यायला हवा. पोर्तुगिजांनी ब्राझीलला नेलेल्या जुन्या उत्सवाचं नाव ‘एंत्रूदो’. गोव्यात कोंकणी माणूस कार्निव्हालला ‘इंत्रूज’ म्हणतो तो त्याच शब्दावरून. पाणी, पीठ, चिखल एकमेकांवर फेकण्याची ती दंगल एकोणिसाव्या शतकात मागे पडली आणि रस्त्यावरची मिरवणूक आली. जुना सांबा मात्र मिरवणुकीत चालेना. मशीश नावाच्या जोडीनृत्याचा त्याच्यावर दाट ठसा होता. तो खोलीत फिरत नाचायला छान, पण शेकडो माणसांना हात हलवत पुढे नेणारा नव्हता. एस्तासियोच्या इस्माएल सिल्वाने हेच कारण सांगितलं. त्याच्या मित्रमंडळींनी ठेका लांबवला, मोकळा केला. त्यांच्यातल्या बिदेने लोण्याच्या मोठ्या डब्यावर चामडं ताणून सुर्दो बनवला. गर्दीच्या शेवटच्या माणसालाही पाऊल कधी टाकायचं ते आता ऐकू येऊ लागलं.

पुढे दोंगा आणि इस्माएल यांच्यात वाद झाला तो फार बोलका आहे. खरा सांबा कोणता, असं दोघांना विचारलं. दोंगाने आपल्या गाण्याचं नाव घेतलं. इस्माएल म्हणाला, तो मशीश आहे. इस्माएलने आपलं गाणं सांगितलं. दोंगा म्हणाला, ही तर कूच (मार्च) आहे. घरात नाचलेला एक आणि रस्त्यावर चाललेला दुसरा, आपापल्या जागी दोघेही बरोबर होते.

एस्तासियोच्या मंडळींनी १९२८ साली ‘देशा फालार’, म्हणजे ‘बोलू दे त्यांना’, हा गट काढला. जवळच शिक्षक घडवणारी शाळा होती. आम्हीही सांबाचे शिक्षकच, म्हणून आमचीही शाळा, असं इस्माएल सांगे. कार्निव्हालच्या मिरवणुकीत उतरणाऱ्या अशा गटांना ‘सांबा स्कूल’ हे नाव तिथून रुजलं. त्याच वर्षी मांगेरा टेकडीवर कार्तोला आणि सोबत्यांनी हिरव्या-गुलाबी रंगांची शाळा काढली. मांगेरा म्हणजे आंब्याचं झाड. हे झाड पोर्तुगिजांनीच आपल्याकडून ब्राझीलला नेलं. १९३२ साली एका वर्तमानपत्राने शाळांची पहिली स्पर्धा भरवली, ती मांगेराने जिंकली. मग राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ वार्गास यांच्या राजवटीने सांबाला राष्ट्राचा आवाज म्हणून उचललं, रेडिओने घराघरांत नेलं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पोलीस जे वाद्य हिसकावत होते, त्याच्यावर आता सरकारचा वरदहस्त होता.

नवशिक्याने एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवावा. मिरवणुकीत एकट्याने नाचतात तो ‘सांबा नू पे’, पायांचा सांबा: प्रत्येक मात्रेत तीन पावलं, गुडघे सैल, खांदे शांत. ‘गाफिएरा’ हा रिओच्या नाचघरांतला जोडीचा सांबा, मशीशचा वारस. आणि युरोपीय नृत्यस्पर्धांमधला सांबा हे तिसरंच प्रकरण. ते शिकून कुणी रिओच्या रिंगणात उतरलं तर गोंधळेल. वाद्यांमध्ये आधी फक्त सुर्दो ऐकावा. ताशा जसा ढोलांना उचलतो तसं रेपिनिकी इथे सगळ्यांना उचलतं, तांबोरिम टिपेला टिचक्या देतं, कुईका हुंदक्यासारखी बोलते. ही वाद्यं नंतर आपोआप वेगळी ऐकू येतात.

तिया सियातांचं घर आता नाही. प्रासा ओन्झे परिसर पाडून तिथून रुंद हमरस्ता काढला, तो १९४४ साली खुला झाला. वास्तुरचनाकार ऑस्कर निमायर यांनी आखलेला, सुमारे ७०० मीटर लांबीचा सांबाद्रोम, म्हणजे शाळांच्या मिरवणुकीचा खास मार्ग, १९८४ साली उभा राहिला, तो तिथून पायी काही मिनिटांवर. स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक शाळेला ‘बायानां’चा ताफा ठेवावाच लागतो. बायाना म्हणजे बाईयाची बाई. बहुतेक जणी वयस्क असतात. त्या घोळदार झगे घालून, स्वतःभोवती गिरक्या घेत जातात, आणि दर दुसऱ्या मात्रेला तो मोठा सुर्दो वाजत असतो.